पंधरा रुपये रोज

मेथीची जुडी माझ्या पिशवीत होती आणि तिचे वीस रुपये माझ्या बँकेत होते. या दोघांची गाठ घालून देण्याचं काम ज्याच्याकडे होतं, तो माझा फोन ऐन गर्दीच्या वेळी, मावशींच्या हातगाडीसमोर, मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना मला सांगत होता की, बँकेचं ॲप आता तुमच्या अँड्रॉइडवर चालणार नाही, नवी आवृत्ती घ्या. मी नवी आवृत्ती शोधायला गेलो. फोन म्हणाला, नवी आवृत्ती उपलब्ध नाही. पुन्हा बँकेकडे गेलो. बँक म्हणाली, घ्या. फोन म्हणाला, नाही. त्या दोघांच्या भांडणात मेथी परत करावी की खिसे चाचपण्याचं नाटक चालू ठेवावं, अशा पेचात मी असताना मावशींनी 'असू द्या दादा, उद्या द्या' म्हणून मला मोकळं केलं. नेमकं ते मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला माझ्या आर्थिक परिस्थितीची कल्पना आली होती.

ही गोष्ट २०२१ची. तो फोन मी २०१६ साली घेतला होता, आणि घेताना फक्त एकच गोष्ट पाहिली होती. किंमत. दुकानात जो सगळ्यात स्वस्त तो उचलायचा, ही आमच्या घराण्याची रीत. माझे वडील छत्री, रेडिओ आणि (आईच्या म्हणण्याप्रमाणे) लग्नाचा शालूही याच तत्त्वावर घेत. छत्रीला अपडेट लागत नाही, हा फरक माझ्या लक्षात आला नाही.

तो लक्षात आणून दिला माझ्या भाच्याने. भाचा हिंजवडीत काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला चार वेळा समजावून सांगितलंय आणि चारही वेळा मी 'अरे वा' म्हटलंय. फोन हातात घेऊन त्याने आत कुठेतरी बोटं फिरवली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही अजून मार्शमॅलोवर आहात."

मला वाटलं, माझ्या वजनाबद्दल बोलतोय.

मग कळलं की, अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना गोड पदार्थांची नावं असत. कपकेक, डोनट, एक्लेअर अशी इंग्रजी बाराखडीच्या क्रमाने सुरुवात होऊन किटकॅट, लॉलिपॉप करत २०१५ साली गाडी मार्शमॅलोवर आली, पुढे नोगट, ओरिओ आणि पाय. 'एम' अक्षरावर मोदक समोर दिसत असताना यांना मार्शमॅलो सुचावा याचं मला मनापासून वाईट वाटलं, पण भाच्याचा मुद्दा वेगळा होता. माझ्या फोनने मार्शमॅलो खाल्ला आणि तो ताटावरून उठला. पुढची पंगत चालूच होती. २०१९ साली दहावी आवृत्ती आली तेव्हा गूगलने मिठाईची नावं देणंच बंद केलं आणि सरळ आकडे सुरू केले. त्याच वर्षी डॉक्टरांनी माझंही गोड बंद केलं. अँड्रॉइडशी माझा आयुष्यात जमलेला मेळ हा एवढाच.

"पण नवी आवृत्ती निघाली तर माझ्या फोनवर का नाही आली?" मी विचारलं.

भाच्याने समजावलं. गूगल नवी आवृत्ती काढतं, मग फोनमधली चिप बनवणारे ती आपल्या चिपला बसवून देतात, मग फोनची कंपनी तिच्यावर आपले रंग, आपली चिन्हं आणि कोणी न मागितलेली आपली ॲपं चढवते, मग चाचण्या होतात, आणि मग ती टप्प्याटप्प्याने लोकांच्या फोनवर उतरते. त्यात फोन स्वस्तातला असला की कंपनी मधेच विचार करते, विकून झालेल्या मालावर आता माणसं कशाला बसवायची? आणि तिथेच ते राहतं. आयफोनमध्ये फोनही त्यांचा आणि आतली प्रणालीही त्यांचीच, म्हणून हे टेबलाटेबलांवरून फिरणं होत नाही. २०१३ साली आलेल्या आयफोन ५एसला सुरक्षेची दुरुस्ती तर पुढे थेट जानेवारी २०२३ पर्यंत मिळत राहिली. भाच्याला वाटलं, मला हे जड जाईल. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं बोलणं मला शब्दन् शब्द कळलं. वरून निघालेली फाइल चार टेबलांवर थांबून, प्रत्येकाचा शेरा घेऊन, शेवटच्या माणसापर्यंत पोचेतो तिचा उपयोग संपलेला असतो, यात न कळण्यासारखं काय आहे? माझी तीस वर्षांची नोकरी त्यातच झाली.

आयफोनची किंमत ऐकून मात्र मी पाणी मागितलं.

दुसरा फोन घेताना मी ठरवलं की, आता किंमत पाहायची नाही, माल पाहायचा. हार्डवेअर. जे हातात धरता येतं, मोजता येतं, साडूभाऊंना दाखवता येतं, ते. आमचे साडूभाऊ हा स्वतंत्र विषय आहे. त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू आमच्या घरातल्या त्याच वस्तूपेक्षा एक वर्ष नवी आणि दोन इंच मोठी असते, आणि ही गोष्ट ते कधीही बोलून दाखवत नाहीत, हा त्यांचा खरा दुष्टपणा. तर पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून मी १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ५००० एमएएचची बॅटरी, सेकंदाला १२० वेळा ताजी होणारी स्क्रीन असा ऐवज उचलला. स्क्रीन सेकंदाला १२० वेळा ताजी कशाला व्हायला हवी, हे मी विचारलं नाही. मी स्वतः दिवसातून एकदा ताजा होतो, तेही दुसऱ्या चहानंतर.

कॅमेऱ्याने पहिल्याच आठवड्यात माझा गैरसमज दूर केला. त्या १०८ मेगापिक्सेलमधून मी आजवर सर्वांत स्पष्ट जर कशाचा फोटो काढला असेल, तर तो माझ्या अंगठ्याचा. भिंगावर आडवा आलेला तो अंगठा, त्यावरची प्रत्येक रेघ, नखाजवळ विळीने कापल्याची जुनी खूण, सगळं असं स्वच्छ दिसतं की आधार कार्डवाल्यांनी मागून न्यावं. आणि गंमत म्हणजे हा कॅमेरा एरवी १०८चे फोटो काढतच नाही. नऊ-नऊ ठिपके एकत्र येऊन त्यांचा एक ठिपका होतो आणि हातात येतो १२ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे अंधारातही बरा दिसतो. नऊ जणांनी मिळून एकाचं काम करायचं. मला एकदम ऑफिसात बसल्यासारखं वाटलं.

या फोनच्या डोक्यावर एक बारीकसं काळं भोक होतं आणि त्यातून निघणाऱ्या किरणांनी फोनचा रिमोट करता येत असे. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी वर्ल्ड कपचा अंतिम सामना पाहायला आम्ही साडूभाऊंकडे जमलो होतो. त्यांच्या पासष्ट इंची टीव्हीसमोर आपणही काहीतरी आहोत हे दाखवण्याची मला ऊर्मी आली, आणि ट्रॅव्हिस हेडने ठोकायला सुरुवात केली त्याच सुमारास समालोचकाचा आवाज थोडा कमी करावा म्हणून मी खिशातून फोन काढून ऐटीत त्या पडद्याकडे रोखला. आवाज कमी झाला नाही. सामना गेला, त्या जागी एक निळी चौकट आली, ती घालवायला मी आणखी काही दाबलं, आणि चौकटीतली सगळी अक्षरं अशा एका लिपीत गेली की जमलेल्या अकरा माणसांपैकी कोणालाही ती वाचता येईना. साडूभाऊंच्या मुलाने टीव्हीचा प्लग काढून पुन्हा घातला तोवर तीन षटकं झाली होती. अहमदाबादेत आपण सामना हरलो. बारामतीच्या एका मावससासऱ्यांचं अजूनही ठाम मत आहे की, तो मी हरवला.

पाण्याचं प्रकरण याहून साधं. फोनच्या खोक्यावर 'आयपी ५३' असं लिहिलं होतं. महागड्या फोनवर 'आयपी ६८' असतं हे मला माहीत होतं, आणि मी ते दहावीच्या गुणांसारखं वाचलं. ६८ म्हणजे फर्स्ट क्लास. ५३ म्हणजे सेकंड क्लास, आमच्या घराण्याच्या परंपरेत शोभेल असं. तेव्हा चकलीच्या पिठाने बरबटलेल्या हाताने फोन घेतल्यावर तो मी निर्धास्तपणे बेसिनच्या नळाखाली धरला. पंधरा गुणांचा काय तो फरक पडणार! नंतर समजलं की, हे त्रेपन्न नव्हतंच. ते पाच आणि तीन होतं. पहिला आकडा धुळीचा, त्यात सहा म्हणजे पैकीच्या पैकी. दुसरा पाण्याचा, आणि त्यातला तीन म्हणजे फक्त वरून तिरका उडालेला फवारा. आठ असेल तर कंपनी सांगेल तितक्या खोलीवर पाण्यात बुडवलेलाही चालतो. पाण्याच्या विषयात तीन गुण मिळालेल्या पोराला मी नळाखाली उभं केलं होतं. फोन वाचला, पण माइक बसला. मला समोरच्याचं ऐकू येई आणि माझा आवाज कोणालाच जात नसे. असे तीन दिवस गेले. दुरुस्तीची काही घाई नाही, असं ही म्हणाली.

तरीही मी या फोनसोबत आणखी दहा वर्षं काढली असती. पण २०२४च्या गणपतीत भाचा आरतीला आला, प्रसाद घेता घेता त्याने माझा फोन उघडला आणि म्हणाला, "मामा, याला दोन वर्षं सिक्युरिटी पॅच आलेला नाही. आणि तुम्ही यावर बँक वापरता?"

हिने आतून विचारलं, "काय नाही आलेलं?"

"पॅच, मामी. फोनमध्ये कुठे फट सापडली की ती बुजवतात."

"म्हणजे ठिगळ," ही म्हणाली. "दर महिन्याला ठिगळ लावावं लागतं असला फोन घेताच कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. भाच्याने तरी उत्तर दिलं. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची एक फट सापडली होती; नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून फोनमध्ये घुसता येईल, अशी. त्यानंतर गूगलने दर महिन्याला ठिगळं द्यायला सुरुवात केली. ते नाव ऐकून माझ्या अंगावर काटा आला, पण त्याचं कारण वेगळं होतं. आठवीत असताना गणेशोत्सवातल्या नाटकात मला 'महाराज, शत्रू दारात आला' एवढं एकच वाक्य होतं, आणि ते न आठवल्यामुळे शत्रू दारात बराच वेळ उभा होता. स्टेजफ्राइट म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बँकेत असलेली माझी सगळी पुंजी, दोन एफडी आणि एक आरडी, दोन वर्षं न बुजवलेल्या फटीतून एखाद्या अनोळखी माणसाच्या मेसेजपाठोपाठ वाहत जाताना मला दिसत होती. पहाटे उठून मी फुलस्केपवर तक्ता आखायला बसलो.

हा तक्ता म्हणजे माझ्या आयुष्यातलं एकमेव संशोधन, तेव्हा त्याबद्दल दोन शब्द ऐकून घ्या. किंमत पाहून फसलो होतो, माल पाहून फसलो होतो. आता पाहायचे ते अपडेट. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ साठी सात वर्षांचे अपडेट देऊ असं सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ साठी तेच सांगितलं, आणि त्यानंतर फोनची जाहिरात मला एकदम पोस्टाच्या बचत योजनेसारखी दिसायला लागली. मुदत आहे, म्हणजे हिशेब आहे! फोनची किंमत भागिले अपडेट मिळण्याचे दिवस, बरोबर रोजचा खर्च. १४,९९९ रुपयांचा फोन, अपडेट दोन वर्षं, म्हणजे रोजचे साडेवीस रुपये. ४९,९९९चा फोन, सात वर्षं, रोजचे साडेएकोणीस. मी पेन खाली ठेवलं. स्वस्त फोन महाग निघाला होता. तीन पिढ्यांचं घराण्याचं तत्त्वज्ञान एका भागाकाराने पालथं पाडलं होतं, आणि वडिलांच्या फोटोकडे पाहायची मला हिंमत होईना.

आणि मग तिसऱ्या ओळीत मला घबाड सापडलं. एका नामांकित कंपनीचा एके काळचा उंची फोन, चार मोठे अपडेट, पाच वर्षं सुरक्षा, कॅमेरा उत्तम, पाण्याच्या विषयात पैकीच्या पैकी, आणि किंमत उतरून फक्त २७,३९९. रोजचे पंधरा रुपये एक पैसा! एका चहाचे पैसे. साडेएकोणीसवाल्याला मी उधळपट्टी म्हणून खोडून टाकलं. भाच्याला विचारावं असं एकदा मनात आलं, पण इतक्या मोठ्या शोधाचं श्रेय वाटून घ्यायला मी तयार नव्हतो.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, लास्ट पीस आहे. पाच वर्षं टेन्शन नाही." पण मी असा फसणारा नव्हे. दुधाच्या पिशवीवरची तारीख पाहून पिशवी बदलून आणणारा माणूस आहे मी. पावाची लादी दाबून, तारीख वाचून, वास घेऊन मगच घेतो. मी चष्मा लावला, खोकं उलटं केलं आणि बोटाने दाखवत तारीख वाचली. उत्पादन, ऑगस्ट २०२४. दोन महिन्यांचा ताजा माल! मुलाकडे मी असं पाहिलं की, बघ, गिऱ्हाईक कोण आलंय. त्यानेही हसून मान डोलावली. तो का हसत होता हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात पहिला मोठा अपडेट आला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो पाहुणा दारात आल्यावर मी त्याची सरबराई करायला सज्ज झालो. फोन म्हणाला, बॅटरी भरा. भरली. वायफायवर या. आलो. जागा अपुरी आहे. जागा कोणी खाल्ली पाहावं तर नऊ हजार सुप्रभात, त्यातले निम्मे साडूभाऊंकडून आलेले आणि उरलेले मी त्यांना परतून पाठवलेले. एकेक सूर्योदय पुसत मी रात्री साडेअकराला खाली आलो, झोपेच्या भरात 'सगळे निवडा' दाबलं, आणि सूर्योदयांच्या मागे रांगेत उभी असलेली हिची पुरणपोळीची व्हिडिओमालिका, भाग एक ते सहा, त्यांच्याबरोबर मावळली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. हा लेख छापून येईपर्यंत तरी.

सकाळी फोन नवा होता. म्हणजे माझ्या ओळखीचं काहीच जागेवर नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईनंतर हिने फडताळातले डबे हलवले की मला चहाच्या जागी हळद सापडते, तसं घड्याळ उजवीकडून डावीकडे गेलं होतं, गजराचा आवाज बदलला होता, आणि मुख्य म्हणजे फोन बंद करायचं बटण आता फोन बंद करत नव्हतं. ते दाबून धरलं की आतली सहायिका जागी होऊन ऐकायला बसत असे.

हे मला कळलं ते अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी. आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. सभ्य माणसासारखा मी दारातच बटण दाबून धरून फोन बंद केला, निदान मला तसं वाटलं, आणि शर्टाच्या खिशात टाकला. खजिनदार उठले. पाण्याची टाकी धुणे, टाकी पुन्हा धुणे, टाकी धुण्याच्या कामावर देखरेख, असे आकडे ते घाईघाईने वाचत गेले, शेवटी 'किरकोळ खर्च, एक लाख बारा हजार' म्हणून क्षणभर थांबले, आणि त्या शांततेत माझ्या खिशातून एक गोड, स्पष्ट, अदबशीर बाईचा आवाज आला, "माफ करा, मला नीट समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

टाळ्या थांबेनात. अठरा वर्षं त्या सभेत जे विचारायची कोणाची छाती झाली नव्हती, ते माझ्या खिशाने विचारलं होतं. मी उभा राहून 'मी नाही, मी नाही' म्हणत होतो, ते लोकांना विनय वाटलं. एकमताने माझी हिशेब तपासणी समितीवर नेमणूक झाली. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी टाकीच्या पावत्या लावतो आणि खजिनदार जिन्यात माझ्याशी बोलत नाहीत.

तरी मी समाधानी होतो. पंधरा रुपये रोज. अजून चार वर्षं.

भाऊबिजेला बहिणीबरोबर भाचा आला. योगायोगाने साडूभाऊही सपत्नीक फराळाला आले होते. हीच वेळ म्हणून मी तक्ता बाहेर काढला. भाच्याने तो पाहिला, खरोखर मन लावून पाहिला, 'मामा, पद्धत बरोबर आहे' असंसुद्धा म्हणाला, आणि मग त्याने विचारलं, "हा फोन आला कधी?"

"दसऱ्याला. गेल्या वर्षी."

"तुमच्याकडे नाही. बाजारात."

मी खोक्यावरची तारीख सांगितली. भाच्याने चकली खाली ठेवली. म्हणाला, ऑगस्टमध्ये बनला तो तुमच्या हातातला नग. ते मॉडेल बाजारात आलं जानेवारी २०२२ मध्ये. कंपनीची पाच वर्षं तिथून सुरू होतात, तुम्ही पावती फाडली त्या दिवसापासून नाही. चार मोठ्या अपडेटांपैकी दोन तुम्ही घ्यायच्या आधीच होऊन गेले होते. सुरक्षा मिळणार जानेवारी २०२७ पर्यंत. त्यानंतर फोन काही बंद पडणार नाही, पण नवी फट सापडली की ती उघडी राहील.

मी तिथेच भागाकार केला. दसऱ्यापासून ३१ जानेवारी २०२७ पर्यंत ८४१ दिवस. रोजचे साडेबत्तीस रुपये. तक्त्यातल्या तिन्ही फोनांमध्ये सगळ्यात महाग फोन, आणि तो मी निवडून, मुहूर्त पाहून, पेढे वाटून घेतला होता.

आणखी एक गोष्ट मी मोठ्याने बोललो नाही. ३१ जानेवारी २०२७ हाच माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस आहे. फोन आणि मी एकाच तारखेला निवृत्त होतोय. फरक एवढाच की, मला पेन्शन आहे.

"तुमचा कोणता, काका?" भाच्याने साडूभाऊंना विचारलं. त्यांनी खिशातून काढून दिला. गेल्या वर्षी मी उधळपट्टी म्हणून खोडलेल्या फोनचा तो यंदाचा भाऊ, महिन्याभरापूर्वी बाजारात आलेला, किंमत तीच, ४९,९९९. भाच्याने पाठ-पोट पाहिलं आणि म्हणाला, "उत्तम. २०३२ पर्यंत काळजी नाही." रोजचे पावणेवीस, माझ्या डोक्यात आपोआप आलं.

"काय पाहून घेतलात?" मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

"पाहायचं काय त्यात?" साडूभाऊ म्हणाले. "हिला जांभळा रंग आवडला. चकली छान झालीय हां."

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणी फोन घ्यायच्या विचारात असेल, तर माझा तक्ता अजून कपाटात आहे, खुशाल मागून न्या. रकाने बरोबर आहेत, भागाकार मी तीनदा तपासलाय. मोठे अपडेट किती आणि सुरक्षा किती वर्षं, हे दोन आकडे वेगळे असतात. दोन्ही लिहून ठेवले आहेत. पाण्याचा आकडा सुटा वाचायचा, हेही लिहिलंय. फक्त सगळ्यांत तळाला मी नंतर पेन्सिलने एक ओळ घातली आहे, ती आधी वाचा. 'मॉडेल बाजारात आलं कधी?'

खोक्यावरची तारीख पाहू नका. ती पावाच्या लादीसाठी ठीक आहे.